हात सुपात, कान पुस्तकाकडं

माझं नाव सुंदराबाई. गल्लीत सगळ्या सुंदराक्का म्हणतात, पोरं आजी म्हणतात, आणि शाळेतले सर यायला लागल्यापासून कागदावर मला संचालिका म्हणतात, ते काय मला आवडत न्हाय. तुमी आजीच म्हणा. माझं माहेर सांगोल्याच्या पलीकडं, माळावरचं. बाप मेंढरं राखायचा, आमी पाच भावंडं आणि पाचीजण मेंढरामागं. मी चौथी शिकले ती मला शिकवायचं म्हणून न्हाय. सहाव्या वर्षी माझ्या पायात बाभळीचा काटा मोडला, त्याचं कुरूप झालं, पाय टेकंना, मेंढरामागं चालता येईना, मंग बाप म्हणाला, हिला घरात बसवून काय करायचं, शाळेत बसवा, तितं पण बसायचंच असतंय. असं माझं शिक्षण. चार वर्षांनी एका वैदूनं कुरूप काढलं, पाय टेकायला लागला आणि शाळा संपली. मास्तर घरी सांगायला आला होता, पोरगी बरी हाय, पाचवीला घाला. बाप म्हणाला, बरी झाली म्हणूनच तर काढली.

लग्न होऊन सोलापुरात आले. नवरा गिरणीत. भवानी पेठेच्या मागच्या अंगाला ही गल्ली, तवापण हीच होती, पत्र्याच्या जागी काही घरांना स्लॅब आला एवढंच. मंग गिरणी बंद पडली. नवरा दोन वर्षं रोज डबा घेऊन गेटपर्यंत जाऊन परत यायचा, मंग जायचा बंद झाला, मंग गेला. ते सांगत बसले तर तुमचा मोबाईल भरंल, आपण वाचनाचंच बोलू, त्यासाठी आलाय तुमी.

पण विडीचं सांगितल्याशिवाय वाचनाचं कळायचं न्हाय तुम्हाला. आमच्या गल्लीत निम्म्याच्या वर घरं तेलुगू, त्यांच्या बायकांनी मला विडी वळायला शिकवलं. मांडीवर सूप घ्यायचं, सुपात ओली करून कापलेली पानं आणि तंबाखू, पान हातात घ्यायचं, चिमूट टाकायची, वळायची, टोक दुमडायचं, दोरा बांधायचा, की लगेच दुसरं पान. हात चालतात आपोआप, पण डोळं वर करायचं काम न्हाय. डोळं वर केलं की विडी ढिली होती, ढिली विडी कारखान्यातला चेकर चिमटीत धरून सगळ्यांसमोर मोडतो, आणि ती मोडताना तुमच्याकडं बघतो. चाळीस वर्षं मी खाली मान घालून काढली. लोकांना वाटतं सुंदराक्का लई मर्यादेची बाई. मर्यादा कसली, सुपात बघत होते.

दुपारी जेवणं झाली की आमी दहा-बाराजणी माझ्या ओट्यावर बसायचो, माझ्या ओट्याला सावली असती म्हणून. आणि झोप यायची. उन्हाळ्यात सोलापूरची दुपार काय सांगू तुम्हाला, बसल्या जागी माणूस वितळतं. टीव्ही लावून बघितला, पण टीव्हीला डोळं लागतात आणि विडीलापण डोळं लागतात, दोन्ही जमत न्हाय. रेडिओ होता, तो बिघडला. मंग एक दिवस माझ्या लेकाची पोरगी, जयश्री, आता ती बार्शीला दिली, तवा तिसरीत होती, ती माझ्या शेजारी बसून शाळेचा धडा मोठ्यानं वाचत होती. शेजारच्या घरात यंत्रमाग होता, खटखट खटखट, त्यामुळं वाचायचं तर ओरडूनच वाचावं लागायचं. धडा संपला तशी नरसव्वा म्हणाली, आता पुढं काय झालं? जयश्री म्हणाली, पुढं स्वाध्याय हाय. नरसव्वा म्हणाली, मंग तोपण वाच.

ही नरसव्वा माझ्यापेक्षा दोन वर्षांनी थोरली, तेलुगू बाई, तोंडानं फाटकी. मराठी तिला बाजारापुरतं यायचं. पण त्या दिवसापासनं ती रोज विचारायची, पोरगी कुटाय? मंग इतर बायका म्हणाल्या, आमची पोरगी का न्हाय, आमची पण शाळेत जाती की. असं एकेक करत पोरं यायला लागली. पोरांना वाचायला मिळावं म्हणून न्हाय हो ताई, बायकांना झोप येऊ नये म्हणून. हे मी सगळ्यांना सांगते, पण लिहिताना कुणी लिहीत न्हाय. तुमी लिहा.

रीत आपोआप पडली. एका पोरानं दोन पानं वाचायची. बायका ऐकणार, हात चालू. कंटाळा आला की नरसव्वा खाली बघूनच म्हणायची, पुढची, की त्या पोरीनं उठायचं आणि दुसरीनं बसायचं. किती पोरी रडल्या असतील त्या पुढचीवर. पण त्यानंच पोरं ठसक्यात वाचायला लागली, कारण बायकांना ठसका लागायचा. आणि काय वाचायचं ते बायका ठरवायच्या. एक गोष्ट होती, म्हशीनं नथ गिळली ती. सासूची नथ म्हशीच्या आंबोणात पडती, म्हैस गिळती, मंग तीन दिवस सगळं घर म्हशीच्या मागं शेणाची पाटी घेऊन फिरतंय. ती आमच्या बायकांनी किती वेळा ऐकली असंल, देवाला माहीत. नवीन काही काढलं की म्हणायच्या, ते राहू दे, नथीचं वाच. सगळी मिळून दहा-बारा पुस्तकं, तीच फिरून फिरून.

मंग शाळेतले ते सर आले. आमच्या गल्लीतली पोरं वर्गात उठून बोलतात, लाजत न्हाईत, म्हणून बघायला आले. बघून खूष झाले, शाळेतली जुनी पुस्तकं पोत्यात घालून आणून दिली, म्हणाले, तितं उंदीर खातात, हितं पोरं खातील. जुन्या बाजारातनं एक काचेचं कपाट आणलं, त्याची एक काच तवापासनं न्हाय. त्यांनीच वाचन क्लब असं नाव दिलं आणि भिंतीवर पाटी लावली. मंग फोटो काढायला लोक यायचे. शाल देतात. माझ्याकडं सात शाली हायत, सोलापुरात शालीचं काय करायचं ते मला कुणी सांगावं. पोत्यातली पुस्तकं कपाटात गेली ती तितंच राहिली, बायका म्हणायच्या, नथीचं वाच.

तुमाला वाटत असंल रोज चालतं. पाणी चार-चार, पाच-पाच दिवसाआड येतं, पाण्याच्या दिवशी वाचन न्हाय. लग्नसराईत न्हाय. परीक्षेत न्हाय, परीक्षेत पोरांना वाचायला वेळ नसतो, ऐका आता. आणि आताच्या बायका कानात ते बोंडूक घालून बसतात, मालिका ऐकतात, एकटीच हसतात. आधी दहा-बाराजणी होतो, आता सहा-सात. मी कुणाला ये म्हणत न्हाय. माझं वय झालं, पाठ धरती, ओटा झाडायचा, सतरंजी टाकायची, कुणाचं कुणाशी भांडण झालं ते निस्तरायचं. चला बंद करू, असं मी दर वर्षी म्हणते.

आता लावण्याचं सांगते. तेच सांगायचं होतं, बाकीचं असंच.

लावण्या रेणुकाची पोरगी. रेणुका माझ्या समोरच्या घरातली, नवरा नवी पेठेत कापडाच्या दुकानात गठ्ठे उचलतो, तीपण विडीवालीच, माझ्या डाव्या हाताला बसायची. लावण्या पाच वर्षांची असल्यापासनं आईच्या पाठीला टेकून बसलेली. घरात तेलुगू, शाळा मराठी. चौथीत गेली आणि एक दिवस म्हणाली, आजी, मी वाचू? नथीचं पुस्तक घेतलं आणि वाचलं. काय सांगू तुम्हाला. सासू बोलती तितं सासूचा आवाज, सून बोलती तितं सुनेचा, म्हैस हंबरती तितं म्हैस. नरसव्वानं हसून हसून तंबाखू सांडली. त्या दिवसापासनं तिला कुणी पुढची म्हटलं न्हाय. पाहुणे आले की लावण्याच वाचायची. फोटोत मधी तीच. रेणुकाला मी स्वतः सांगितलं, तुझी पोरगी लई हुशार हाय, हिला काढू नको शाळेतनं. रेणुकाची जाऊ शिलाईच्या कारखान्यात कामाला, ती मुलींना सातवीनंतर तितं दोरे कापायला लावती, तिनं लावण्यालापण मागितलं होतं. रेणुका तिला म्हणाली, माझी न्हाय यायची, सुंदराक्का सांगती ती हुशार हाय. माझ्या शब्दावर म्हणाली. हे ध्यानात ठेवा.

खुणा होत्या की. ती पुस्तक कवा घरी न्यायची न्हाय. सगळी पोरं न्यायची, ती म्हणायची, घरी भाऊ फाडतो. कपाटातनं पुस्तक काढायचं तर दुसऱ्या पोरीला सांगायची, आण गं तेवढं. शाळेत तर नापास करायचंच न्हाय असं होतं, ढकलत ढकलत सातवीत गेली, साठ पोरांच्या वर्गात शेवटच्या बाकावर, सरांना तरी काय कळणार. पण मला कळायला पाहिजे होतं. ती माझ्यापासनं हातभर लांब बसून वाचायची. तीन वर्षं.

मंग माझ्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकला. शिबिरात काढला. डॉक्टरीण म्हणाली, आजी, महिनाभर तंबाखूच्या जवळ जायचं न्हाय आणि वाकायचं न्हाय. वाकायचं न्हाय म्हणजे विडी न्हाय. चाळीस वर्षांत पहिल्यांदा माझे हात रिकामे. काळा चष्मा लावून उंबऱ्यात बसले, नरसव्वा म्हणायची, आली बघा पोलीस इन्स्पेक्टर. बसून करायचं काय? बघत बसले. पोरं कशी दिसतात वाचताना, ते मी तवा पहिल्यांदा बघितलं. कुणी बोट ठेवतं, कुणी नाकाजवळ पुस्तक धरतं, त्या पोराला चष्मा लागतोय हे मला त्या दिवशी कळलं.

आणि लावण्या वाचायला बसली. नथीचंच. पुस्तक हातात, पण डोळं पुस्तकावर न्हाईत, डोळं नरसव्वाच्या तोंडावर. नरसव्वा हसायला लागली की ही थांबती, हसणं संपलं की पुढं. मधीच आठवल्यासारखं पान उलटायची. एकदा दोन पानं चिकटून एकदम गेली आणि गोष्ट मात्र कुटं तुटली न्हाय. दुसऱ्या दिवशी बघितलं, तिसऱ्या दिवशी बघितलं. तेच.

आता शहाण्या बाईनं काय केलं असतं? पोरीला घरात बोलावलं असतं, दार लावून विचारलं असतं. मी ते केलं न्हाय. मला राग आला होता. कुणाचा आला होता ते मला तवा कळलं न्हाय. चौथ्या दिवशी मी कपाटातनं एक कुणी न वाचलेलं पुस्तक काढलं, पोत्यातलं, आगगाडीचं, आणि सगळ्या बायकांसमोर तिच्या हातात दिलं, म्हटलं, आज हे वाच. तिनं उघडलं. पहिल्या पानावर इंजिनाचं चित्र होतं. तिनं त्या चित्राकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, आणि म्हशीला कोंडा कालवायला सासू गोठ्यात गेली, असं सुरू केलं. बायका खाली बघून हसल्या, त्यांना काय, नथीचंच होतं. तीन-चार वाक्यं मी ऐकली. मंग म्हटलं, लावण्या, त्या पुस्तकात म्हैस न्हाय, आगगाडी हाय.

सगळ्यांचे हात थांबले. विडीवाल्या बायकांचे हात थांबले की लई शांत होतं, तवा कळतं आधी किती आवाज होता. एक पोरगी पुस्तकात डोकावली आणि म्हणाली, व्हय की, आगगाडी हाय. लावण्यानं पुस्तक मिटलं, सतरंजीवर नीट ठेवलं, चप्पल घातली आणि समोर घरात गेली. रेणुका सूप घेऊन तिच्या मागं.

दुसऱ्या दिवशी रेणुका ओट्यावर आली न्हाय. समोर आपल्या दारात बसली, माझ्याकडं पाठ करून. तिसऱ्या दिवशी मीच रस्ता ओलांडून गेले तर मला म्हणाली, बायकांत माझ्या पोरीची अब्रू घेतलीस. तूच हुशार म्हणालीस, तूच अडाणी म्हणालीस. तुझ्या शब्दावर मी जावेला न्हाय म्हणाले, आता मी तिला काय तोंड दाखवू? मी म्हटलं, मला काय माहीत होतं तिला येत न्हाय. तर म्हणाली, मंग कुणाला माहीत असायला पाहिजे? पाटी तुझ्या भिंतीवर हाय.

आतमधी लावण्या बसलेली. मांडीवर सूप. विडी वळत होती, आणि चांगली वळत होती, काय बोटं ताई, माझ्यापेक्षा बारीक वळण. रेणुका म्हणाली, शाळा सोडवली मी तिची, परीक्षेपुरती पाठवीन, मंग जावेकडं. वाचायला येत न्हाय तर हाताला तरी काही येऊ दे.

मी पोरीला म्हटलं, का गं, सांगायचं न्हाय का मला? तिनं मान वर केली न्हाय. हात चालूच. म्हणाली, तुमी म्हणायच्या लावण्या वाच, मी म्हणायची. बघून वाच असं कवा म्हणालात? तुमी तर सुपात बघत होता.

खरंच होतं. आमी सगळ्या कानानं ऐकून शिकलेल्या बाया. जे कानाला चांगलं लागलं ते चांगलं, असं आमचं. डोळ्यानं वाचायचं असतं हे आमच्यापैकी कुणाच्या ध्यानातच आलं न्हाय, कारण आमचं डोळं मोकळं नव्हतं. त्या पोरीनं काही चोरी केली नव्हती, आमी जे शाबास म्हणत होतो ते तिनं दिलं. पण हे सगळं मला तितं बोलता आलं न्हाय. माफी मागायला पाहिजे होती, तीपण मागितली न्हाय, सवय न्हाय. मी म्हटलं, उद्या साडेतीनला माझ्या घरात ये. ओट्यावर न्हाय, आतमधी. मी सूप घेणार न्हाय. लावण्या म्हणाली, डोळा बरा झाल्यावर? म्हटलं, डोळा बरा झाल्यावरपण. तासभर माझे हात रिकामे. रेणुका म्हणाली, आणि त्यानं काय होणार? मी म्हटलं, न्हाय माहीत. एक वर्ष दे. आठवी होऊ दे तिची. न्हाय आलं तर मी स्वतः तिला तुझ्या जावेच्या कारखान्यात सोडून येते. हे बोलले खरी, पण मी काय शाळामास्तरीण न्हाय, चौथी शिकलेली बाई, मीच बोट ठेवून वाचते.

चार दिवस आली न्हाय. पाचव्या दिवशी आली, तोंड फुगवून.

बाराखडी काढली तर म्हणाली, बारकी पोरं हसतील. बारकी पोरं तितं नव्हती, पण तिला ती दिसत होती. मंग मी विचार केला, हिला जे तोंडपाठ हाय तेच घ्यावं. नथीचं पुस्तक काढलं, म्हटलं, म्हण तू, पण बोट शब्दावर ठेव, बोट गेल्याशिवाय तोंड पुढं न्यायचं न्हाय. तिला ते जमंना. तोंड पळायचं, बोट मागं राहायचं, गोष्ट गोठ्यातनं बाजारात गेली तरी बोट आपलं पहिल्या ओळीत. मी चिडायची, ती चिडायची. एकदा म्हणाली, आजी, तुमी नुसत्या खेकसता, तुमच्यापेक्षा सर बरे, ते मला बघतच न्हाईत. मला हसू आलं. मंग पानं कापायचा पत्रा असतो आमच्याकडं, चौकोनी, पानावर ठेवून त्याच्या मापानं कात्री फिरवायची, तो मी ओळीवर ठेवला, पुढचे शब्द झाकून. एकेक शब्द उघडा करायचा. उघडा झाला तेवढाच म्हणायचा. असं करत करत दोन महिन्यांनी तिनं एका दुसऱ्याच पुस्तकात सासू शब्द ओळखला. म्हणाली, ही तीच सासू हाय. म्हटलं, तीच, सगळीकडं तीच असती.

मी मंग बाकीच्या पोरांनापण बघितलं. चौदा पोरांत अजून दोघं तशीच निघाली, एक पाचवीतली पोरगी आणि एक सहावीतला. सरांना सांगितलं. ते म्हणाले, आजी, वर्गात बघितलं तर जास्त निघतील. मी म्हटलं, मंग बघा की. ते म्हणाले, बघतो. वाईट माणूस न्हाय तो, दमलेला हाय. मीपण दमलेली हाय. एकमेकांना काय बोलायचं.

तेच सर पुढं एकदा आले, शाळेत मोठा साहेब येणार होता, म्हणाले, लावण्याला नथीची गोष्ट वाचू द्या, छान होईल, कुणाला काय कळतंय. मी म्हटलं, तिलाच विचारा. ती माझ्याच मोरीत भांडी विसळत होती, तिथूनच म्हणाली, सर, ते वाचणं न्हाय, ते मी नुसतं म्हणते. सर गेले. रेणुकानं हे समोरच्या दारातनं ऐकलं, तिला काय वाटलं मला माहीत न्हाय, पण त्या महिन्यात जाऊ परत विचारायला आली तर रेणुका तिला म्हणाली, आठवी होऊ दे.

आता आठवीत हाय. परीक्षा तोंडावर आली. येतं का वाचायला? येतं, पण मेंढरू चिखलातनं चालतं तसं. एक पाय काढला की दुसरा रुततो. जोडाक्षर आलं की थांबती, घाम येतो तिला. नरसव्वा विचारायची, पोरीला आत कोंडून काय करतेस, कवा येणार ती ओट्यावर? मी म्हणायची, तिची ती येईल.

मागच्या आठवड्यात आली. कुणी बोलावलं न्हाय. कपाटातनं स्वतःच्या हातानं पुस्तक काढलं, कुणी न उघडलेलं, वाळवंटात उंटावरनं टपाल नेणाऱ्या माणसाचं, आणि सतरंजीवर मधी बसली. वाचायला लागली. पहिल्या वाक्याला एवढा वेळ की नरसव्वाच्या दोन विड्या झाल्या. आवाज न्हाय, ठसका न्हाय, सासू न्हाय, म्हैस न्हाय, नुसतं टोचत टोचत, मागं येती, परत वाचती. बायका एकमेकींकडं बघायला लागल्या. नरसव्वा म्हणाली, काय गं बाई, तुझ्या जिभेला काय झालं? आधी कशी धडाधड वाचायचीस. राहू दे ते, नथीचं वाच. लावण्या थांबली. मी तोंड उघडणार तेवढ्यात समोरच्या दारातनं रेणुका बोलली, तेलुगूत, उंडंडी, म्हणजे थांबा जरा, एवढंच. मान वर केली न्हाय, विडी चालूच. पण मोठ्यानं बोलली. नरसव्वानं तंबाखूची चिमूट घेतली आणि दुसरी विडी वळायला लागली. तिनं पुढचीपण म्हटलं न्हाय, ते तिचे उपकार.

चार वाजता बायका विड्या द्यायला कारखान्यावर गेल्या. ओट्यावर मी आणि ती. तोपर्यंत दीड पान झालं होतं, वाटेत एका वादळात टपालवाल्याचा उंट सुटून गेला होता. तिनं पुस्तकात बोट ठेवून मिटलं आणि मला विचारलं, आजी, तो उंट सापडतो का शेवटी? नथ सापडती हे तिला पाचव्या वर्षापासनं माहीत होतं. ह्याचं माहीत नव्हतं. मी म्हटलं, मला काय माहीत, मी कुटं वाचलंय. ती शेवटचं पान उघडून चित्र बघायला गेली, मी तिचा हात धरला. म्हटलं, तसं न्हाय.

तेच चाललंय आमचं. साडेतीन वाजत आले, येईल बघा ती आता. तुमी बसा पाहिजे तर, पण मधी बोलू नका आणि शाबास म्हणू नका, शाबासकीनंच घोटाळा केला होता. परीक्षेत पास झाली तर रेणुका नववीला घालंल, न्हाय झाली तर मी शब्द दिलाय, तिला जावेकडं सोडून यायला मलाच जावं लागंल. माझ्या दुसऱ्या डोळ्यातपण मोतीबिंदू पिकलाय, तो काढला की परत महिनाभर हात रिकामे, तेवढं बरं. उंट अजून सापडला न्हाय. नऊ पानं राहिलीत.